मूळ संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुलं, त्यांचे पालक, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे 'संख्या' म्हणजे १, २, ३, … या धन पूर्ण संख्या. २^३ असं दिसलं तर ते 'दोनाचा तिसरा घात', म्हणजे २ × २ × २.

१. मूळ संख्या म्हणजे नेमकं काय? 'जिला १ नं आणि स्वतःनंच भाग जातो ती' एवढं पाठ केलं तर चालेल का?

चालेल, पण एका ठिकाणी फसाल. 'जिला नेमके दोन वेगवेगळे विभाजक असतात ती' हे पाठ करणं जास्त सुरक्षित. ७ चे विभाजक १ आणि ७, म्हणून ती मूळ. ९ चे विभाजक १, ३ आणि ९. तीन झाले, म्हणून ती संयुक्त. १ ला एकच विभाजक आहे, त्यामुळे या व्याख्येत ती आपोआप बाहेर पडते. पहिल्या वाक्यात मात्र ती गुपचूप आत शिरते.

१०० पर्यंतच्या मूळ संख्या २५ आहेत: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७.

२. १ ला का वगळलं? नुसता नियम म्हणून?

नियम सोयीसाठीच केला आहे, पण सोय मोठी आहे. १ ला मूळ मानलं तर ६ = २ × ३ = १ × २ × ३ = १ × १ × २ × ३ अशा कितीही मांडण्या करता येतील आणि प्रश्न ५ मधला सिद्धांत कोसळेल. तो वाचवायला प्रत्येक विधानामागे '१ सोडून' अशी शेपटी लावत बसावं लागेल. पूर्वी काही गणिती १ ला मूळ धरत, डी. एन. लेहमर यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेली मूळ संख्यांची मोठी यादी १ पासूनच सुरू होते. आता तसं कुणी करत नाही. १ संयुक्तही नाही, हे विसरू नका.

३. शून्य आणि ऋण संख्यांचं काय?

० ला प्रत्येक धन संख्येनं भाग जातो, म्हणजे विभाजक अगणित. त्यामुळे ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. शालेय गणितात ऋण संख्यांना हे वर्गीकरण लावत नाहीत. –१२ चे अवयव हवेच असतील तर –१ × २^२ × ३ असं लिहावं.

४. २ ही एकटीच सम मूळ संख्या का?

इतर प्रत्येक सम संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज २ हा तिसरा विभाजक मिळतो म्हणून. यात २ चं फार कौतुक करण्यासारखं काही नाही. ३ नं भाग जाणारी मूळ संख्याही एकच आहे, ५ नं भाग जाणारीही एकच. 'दोनानं भाग जाणारी' याला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे, इतकंच.

गणितं सोडवताना मात्र याचा उपयोग होतो. दोन मूळ संख्यांची बेरीज विषम असेल तर त्यांतली एक २ असलीच पाहिजे. बेरीज ४५ असेल तर जोडी २ आणि ४३. बेरीज ५१ असेल तर दुसरी ४९ यायला हवी. ती मूळ नाही, म्हणून अशी जोडीच नाही.

५. मूळ संख्या हे पूर्ण संख्यांचे मूलभूत घटक आहेत असं म्हणतात. म्हणजे काय?

१ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या एकतर स्वतः मूळ असते, नाहीतर मूळ संख्यांचा गुणाकार असते. आणि क्रम सोडला तर तो गुणाकार एकाच प्रकारे लिहिता येतो. याला अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत म्हणतात. ३६० घ्या. कुणी ३६ × १० पासून सुरुवात करील, कुणी ८ × ४५ पासून, कुणी १८ × २० पासून. फोडत फोडत तळाशी गेलात की सगळ्यांच्या हाती तेच उरतं: २^३ × ३^२ × ५. कोणत्या विटा आणि प्रत्येकी किती, हे संख्येनं आधीच ठरवलेलं असतं.

अशी मांडणी असतेच, हा भाग सोपा आहे. संख्या संयुक्त असेल तर ती दोन लहान संख्यांत फुटते, त्या आणखी लहान संख्यांत. हे अनंत काळ चालू शकत नाही. मांडणी एकच असते, हा भाग अवघड आहे. तो पुढच्या प्रश्नात.

हे सगळं गुणाकारापुरतं आहे. बेरजेनं संख्या रचायच्या असतील तर एकटी १ सुद्धा पुरते. मूळ संख्यांबद्दलच्या बेरजेच्या प्रश्नांचं काय होतं ते प्रश्न २० मध्ये पाहा.

६. 'एकाच प्रकारे' हे तर उघडच आहे. सिद्ध कशाला करायचं?

सवयीमुळे उघड वाटतं. क्षणभर समजा की जगात फक्त सम संख्या आहेत: २, ४, ६, ८, … या जगात ६ फोडता येत नाही, कारण २ × ३ मधला ३ इथे नाहीच. १८ ही फोडता येत नाही. म्हणजे २, ६, १०, १४, १८ या इथल्या 'मूळ' संख्या. आता ३६ बघा: ३६ = ६ × ६ आणि ३६ = २ × १८. दोन्ही मांडण्या पूर्ण फोडलेल्या, दोन्ही वेगळ्या. गुणाकार आपलाच, तरी एकमेवता गेली.

आपल्या नेहमीच्या संख्यांत असं होत नाही, कारण मूळ संख्येचा एक गुणधर्म युक्लिडनं सिद्ध करून ठेवला आहे: मूळ संख्येनं दोन संख्यांच्या गुणाकाराला भाग जात असेल, तर त्या दोहोंपैकी निदान एकीला तरी भाग जातोच. संयुक्त संख्येला हे लागू नाही. ४ × ९ = ३६ ला ६ नं भाग जातो, पण ४ ला जात नाही आणि ९ लाही नाही. एकमेवतेचा सिद्धांत पूर्ण, स्पष्ट स्वरूपात मांडून सिद्ध केला तो गाउस यांनी, १८०१ मध्ये.

७. मूळ अवयव पाडताना उत्तर कुठे चुकतं?

पद्धत अशी: सर्वांत लहान मूळ संख्येपासून सुरू करा, भाग जातोय तोवर त्याच संख्येनं भागत राहा, मग पुढची घ्या. २७७२ ÷ २ = १३८६, ÷ २ = ६९३, ÷ ३ = २३१, ÷ ३ = ७७, ÷ ७ = ११. उत्तर २^२ × ३^२ × ७ × ११.

बहुतेक चुका तीन ठिकाणी होतात. एकदा भागून लगेच पुढच्या मूळ संख्येकडे जाणं, म्हणजे घातांक कमी पडतो. ९ किंवा ६ नं भागून तोच अवयव उत्तरात ठेवणं. आणि सर्वांत जास्त म्हणजे उरलेली संख्या 'दिसते मूळ' म्हणून थांबणं. ४१८६ = २ × ७ × २९९ लिहून अनेक जण थांबतात, पण २९९ = १३ × २३. कधी थांबायचं याचा नियम प्रश्न ८ मध्ये आहे. शेवटी सगळे अवयव गुणून मूळची संख्या येते का हे पाहायचंच. ही पडताळणी पहिल्या प्रकारची चूक पकडते; दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची पकडत नाही, कारण तिथे गुणाकार बरोबरच येतो.

८. संख्या मूळ आहे का हे तपासताना वर्गमूळापर्यंतच भागून का थांबायचं?

संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. तसे असते तर गुणाकार त्या संख्येच्या पुढे गेला असता. लहान अवयव सापडला नाही म्हणजे मोठाही नाही. शिवाय फक्त मूळ संख्यांनीच भागायचं. ४ किंवा ६ नं भागून पाहण्यात अर्थ नाही, ते काम २ नं आधीच केलेलं असतं.

३९७ तपासू. २० × २० = ४००, म्हणून १९ पर्यंत जायचं. २, ३, ५ नं भाग जात नाही. ७ नं बाकी ५, ११ नं १, १३ नं ७, १७ नं ६, १९ नं १७. म्हणून ३९७ मूळ.

'वर्गमूळापर्यंत' यात वर्गमूळ धरलेलं आहे. ३६१ तपासताना १७ वर थांबलात तर ती मूळ वाटेल. ती १९ × १९ आहे. २८९ आणि ५२९ अशाच फसवतात.

९. ५१, ५७, ८७, ९१ मूळ वाटतात. अशा संख्या पटकन कशा ओळखायच्या?

त्या विषम आहेत, शेवटी ५ नाही, आणि छोट्या पाढ्यांत भेटत नाहीत, म्हणून मूळ वाटतात. आधी अंकांची बेरीज करा: ५१, ५७ आणि ८७ तिथेच ३ नं पकडल्या जातात. ९१ = ७ × १३; तेराचा पाढा म्हणताना 'तेरा साते एक्याण्णव' म्हणणारेही तिला कागदावर मूळ ठरवतात. याशिवाय ११९, १३३, १६१, २२१, २४७, ३२३, ३९१, ४३७ या संख्या डोक्यात ठेवण्यासारख्या.

उपयोगी कसोट्या, प्रत्येक वेळी एककाचा अंक तोडून:
- ७: दुप्पट करून उरलेल्यातून वजा. १६१ → १६ – २ = १४.
- १३: चौपट करून मिळवा. २४७ → २४ + २८ = ५२.
- १७: पाचपट करून वजा. ३२३ → ३२ – १५ = १७.
- १९: दुप्पट करून मिळवा. ४३७ → ४३ + १४ = ५७.

११ साठी अंक तोडायचा नाही. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत-वजा करत जायचं. २७१७ → ७ – १ + ७ – २ = ११, म्हणून भाग जातो. उत्तर ० आलं तरी भाग जातोच.

१०. इराटोस्थेनिसची चाळणी कशी लावतात?

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या या ग्रीक विद्वानाची रीत आजही लहान यादीसाठी सर्वांत चांगली. १ ते १०० लिहा आणि १ खोडा. २ ला गोल करून तिच्या पुढच्या सर्व पटी खोडा. न खोडलेली पुढची संख्या ३. तिला गोल, तिच्या पटी खोडा. तसंच ५ आणि ७. ११ × ११ = १२१ हे १०० च्या पुढे असल्यामुळे इथेच थांबायचं; उरलेल्या सगळ्या मूळ.

५ च्या पटी २५ पासून खोडल्या तरी पुरतं, कारण १०, १५, २० आधीच गेलेल्या असतात. ७ च्या फेरीत तर नव्यानं खोडायच्या संख्या तीनच: ४९, ७७ आणि ९१. तुमच्या तक्त्यात शेवटी २५ ऐवजी २६ उरल्या तर आधी १ खोडलाय का ते पाहा, मग ९१.

११. मूळ संख्या ६ च्या पटीच्या आगेमागेच असतात, हे खरं का?

३ पेक्षा मोठ्यांसाठी खरं. ६ नं भागून बाकी ०, २ किंवा ४ उरली तर संख्या सम; ३ उरली तर ३ नं भाग जाणारी; राहिल्या १ आणि ५. उलट मात्र खरं नाही: २५, ३५, ४९, ५५ याही ६ च्या पटीशेजारीच बसतात. म्हणून ही मूळ असण्याची कसोटी नव्हे, नको त्या संख्या गाळण्याची आहे.

१२. मूळ अवयवांवरून मसावि आणि लसावि कसे काढायचे?

८४ = २^२ × ३ × ७ आणि ९० = २ × ३^२ × ५. प्रत्येक मूळ संख्येचा लहान घातांक घेतला की मसावि: २ × ३ = ६. मोठा घेतला की लसावि: २^२ × ३^२ × ५ × ७ = १२६०. एखादी मूळ संख्या एकीकडे नसेल तर तिथे तिचा घातांक ० धरा. ८४ मधल्या ५ चं तेच.

'मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार' हे सूत्र दोनच संख्यांसाठी आहे. ६, १०, १५ घ्या: मसावि १, लसावि ३०, आणि संख्यांचा गुणाकार ९००. संख्या मोठ्या असतील तर अवयव पाडत बसू नका; मसावि काढायला युक्लिडची भागाकार पद्धत कितीतरी वेगवान आहे. कारण प्रश्न २२ मध्ये.

१३. ३६० चे अवयव किती? कुणी ३ सांगतं, कुणी ६, कुणी २४.

तिघंही बरोबर, प्रश्न वेगळे आहेत. ३६० = २^३ × ३^२ × ५. वेगवेगळे मूळ अवयव ३, पुनरावृत्तीसह ६, एकूण विभाजक २४. विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ४ × ३ × २. १ कशासाठी? विभाजकात २ हा अवयव ०, १, २ किंवा ३ वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. वर्गसंख्येचे सगळे घातांक सम असतात, म्हणून फक्त तिच्याच विभाजकांची संख्या विषम येते.

१४. कोणता अपूर्णांक दशांशात संपतो हे छेदावरून कसं कळतं?

छेदाच्या मूळ अवयवांत २ आणि ५ यांखेरीज काही नसेल तर संपतो, कारण १० = २ × ५. पण आधी अपूर्णांक अतिसंक्षिप्त करा. २१/२८ च्या छेदात ७ दिसतो म्हणून 'आवर्ती' लिहिणाऱ्यांचे गुण जातात. तो ३/४ आहे, म्हणजे ०.७५.

१५. २ चं वर्गमूळ अपरिमेय असण्याचा मूळ संख्यांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ते अ/ब असतं तर अ × अ = २ × ब × ब. डावी बाजू वर्ग आहे, म्हणून तिच्यात २ चा घातांक सम. उजवीकडे वर्गाला आणखी एक २ जोडलेला, म्हणून घातांक विषम. एकाच संख्येच्या दोन मांडण्या झाल्या, आणि प्रश्न ५ तसं होऊ देत नाही. हीच सिद्धता १२ साठी ३ चा घातांक पाहून चालते. ३६ साठी चालत नाही, आणि चालताही कामा नये.

१६. १ ते १०० च्या गुणाकाराच्या शेवटी किती शून्यं?

२४. प्रत्येक शून्यासाठी एक २ आणि एक ५ लागतो. २ भरपूर असतात, म्हणून ५ मोजा. ५ च्या पटी २०, आणि २५, ५०, ७५, १०० यांत एकेक ५ जास्त. तो जास्तीचा विसरला की उत्तर २० येतं.

१७. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे कशावरून?

तुमच्याकडे मूळ संख्यांची कोणतीही मर्यादित यादी असू द्या. सगळ्यांचा गुणाकार करून १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कुणीही भागलं तरी बाकी १ उरते. पण तिला कोणता तरी मूळ अवयव असणारच, आणि तो यादीबाहेरचा असणार. युक्लिडचा हा युक्तिवाद दोन हजारांहून अधिक वर्षं जुना आहे.

नवी संख्या स्वतः मूळ असते, हा मात्र गैरसमज. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१ = ५९ × ५०९. यादीबाहेरच्या दोन मूळ संख्या मिळाल्या. ३०,०३१ मात्र संयुक्तच.

१८. पुढे पुढे त्या विरळ होतात का?

होतात, पण हळूहळू. १,००० पर्यंत १६८, १०,००० पर्यंत १,२२९, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. ढोबळ हिशेब असा: संख्येतल्या अंकांची संख्या गुणिले २.३, साधारण तेवढ्या अंतरानं एक मूळ संख्या भेटते. हे सरासरी अंतर आहे. यामागचा मूळ संख्या प्रमेय १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसाँ यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला. प्रत्यक्षात ११३ नंतर थेट १२७ येते, तर १०१ आणि १०३ लगोलग. हवं तेवढं मोठं रिकामं अंतरही बनवता येतं: १ ते १०१ चा गुणाकार करून त्यात २, ३, … १०१ मिळवा, सलग १०० संयुक्त संख्या तयार.

१९. मूळ संख्यांचं सूत्र आहे का?

फक्त मूळ संख्याच देणारं आणि हाती धरून वापरता येईल असं सोपं सूत्र नाही. काही सूत्रं बराच वेळ खरी वाटतात. ऑयलर यांचं न × न + न + ४१ हे न = ० ते ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्या देतं; न = ४० ला १६८१, म्हणजे ४१ × ४१. ३१, ३३१, ३३३१ अशी साखळी ३,३३,३३,३३१ पर्यंत मूळ राहते; पुढची ३३,३३,३३,३३१ = १७ × १,९६,०७,८४३. फर्मा यांना ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही मालिका कायम मूळ राहील असं वाटलं होतं. पुढचं पद ४,२९,४९,६७,२९७ हे ६४१ × ६७,००,४१७ असल्याचं ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवलं. पहिली पाच-पंचवीस उदाहरणं जुळली म्हणून विश्वास ठेवू नका.

२०. सहमूळ आणि जोडमूळ यांत फरक काय? आणि अजून न सुटलेलं काय आहे?

सहमूळ म्हणजे ज्यांचा सामाईक विभाजक फक्त १ आहे अशा संख्या. त्या स्वतः मूळ असण्याची गरज नाही. ८ आणि ९ दोन्ही संयुक्त, तरी सहमूळ. जोडमूळ म्हणजे दोनाच्या फरकानं येणाऱ्या मूळ संख्या: ११ आणि १३, २९ आणि ३१. सलग तीन मात्र ३, ५, ७ हेच; कारण दोन-दोनच्या फरकाच्या तीन संख्यांतल्या एकीला ३ नं भाग जातोच.

जोडमूळ जोड्या अनंत आहेत का, हे माहीत नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी ७ कोटींपेक्षा कमी फरकाच्या जोड्या अनंत असल्याचं सिद्ध केलं. नंतर ती मर्यादा २४६ पर्यंत खाली आली. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाख यांचं १७४२ मधलं अनुमानही अनिर्णित आहे. दोन्ही प्रश्न बेरीज-वजाबाकीचे आहेत. मूळ संख्या गुणाकारासाठी बनलेल्या, आणि बेरजेत त्यांची रचना हाताला लागत नाही.

२१. माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ – १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. या प्रकारच्या संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही: २^११ – १ = २०४७ = २३ × ८९.

२२. एवढ्या मोठ्या संख्या मूळ आहेत हे कळतं, मग मोठ्या संख्यांचे अवयव काढणं अवघड का म्हणतात?

कारण ही दोन वेगळी कामं आहेत. संख्या मूळ आहे का, हे अवयव न शोधताही ठरवता येतं. फर्मा यांच्या नियमानुसार तपासायची संख्या मूळ असेल तर कोणतीही दुसरी संख्या ('आधार') घेऊन तिचा तेवढावा घात केला आणि त्याला तपासायच्या संख्येनं भागलं, की बाक्या ठराविकच यायला हव्यात: नुसत्या आधाराला भागून येतात त्याच. आल्या नाहीत तर संख्या संयुक्त. आल्या तरी खात्री नसते: ५६१ = ३ × ११ × १७ ही आपल्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक आधारासाठी ही कसोटी पार करते. म्हणून प्रत्यक्षात जास्त कडक कसोट्या वापरतात. कोणत्याही संख्येसाठी खात्रीचं उत्तर अंकसंख्येच्या मानानं वाजवी वेळात देणारी रीत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली.

अवयव काढण्यासाठी साध्या संगणकावर अशी वेगवान रीत ठाऊक नाही. इंटरनेटवरच्या आरएसए सांकेतिकीकरणाचा भरवसा यावरच आहे: तीनशेहून अधिक अंकी दोन मूळ संख्या गुणणं क्षणाचं काम, पण गुणाकारावरून त्या परत मिळवणं आवाक्याबाहेर. आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही अनेक संगणक एकत्र जुंपून.

दोन कामांमधलं अंतर किती असू शकतं याचं जुनं उदाहरण २^६७ – १ या २१ अंकी संख्येचं. ती संयुक्त असल्याचं ल्युका यांनी १८७६ मध्येच दाखवलं, पण एकही अवयव हाती नव्हता. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.